डाग पडले तर चालतील का?

मलकापुरातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात, पेशंटची हरकत नसेल तेव्हा, मी कोपऱ्यात बसून ऐकते. एंडोमेट्रिओसिस असेल तर चिठ्ठी लिहिण्याआधी बाईंचे प्रश्न बराच वेळ चालतात. मूल हवंय का, कधी? डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का? आणि हमखास एक : घरी बाहेर बसावं लागतं का?

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर अंडाशयावर, आतड्यांजवळ, ओटीपोटात वाढतं आणि इस्ट्रोजेनवर पोसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या दर 10 जणींत एकीला तो असतो. हॉर्मोनची औषधं त्याला दाबून ठेवतात, मुळापासून काढत नाहीत. बंद केली की दुखणं बहुधा परततं. 2022च्या युरोपीय मार्गदर्शिकेतही औषध निवडताना बाईची पसंती, दुष्परिणाम, खर्च आणि उपलब्धता बघा, असंच सांगितलंय.

डायनोजेस्ट 2 मिलिग्रॅम, रोज एक. वेदनेला चांगली, पण पहिले काही महिने अवेळी डाग पडतात. शहरातल्या नोकरदार बाईला तो त्रास. मोताळ्याकडच्या एका सुनेसाठी ते महिनाभर चुलीपासून दूर राहणं होतं. तिने गोळी गुपचूप बंद केली होती. बाईंनी सासूबाईंना आत बोलावून सांगितलं, "हे औषधाचे डाग आहेत, पाळी नाही." शिवाशीव मला मुळीच मान्य नाही. पण डॉक्टरने ती विचारली नाही, तर गोळ्या कपाटातच राहतात आणि दुखणं पोटात.

नॉरएथिस्टेरॉन स्वस्त. महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायला घेतात तीच गोळी, त्यामुळे बायकांना तिची भीती नसते. इथे मात्र ती महिनोन्‌महिने घ्यायची, तीही तपासणीखाली.

माला-डीसारख्या मिश्र गोळ्यांचं नाव काढलं की आया दचकतात. "मॅडम, पोरीचं लग्न व्हायचं हाये!" पाळणा लांबवायची गोळी कुमारिकेला कशी, हा धक्का असतो. बाई शांतपणे सांगतात : थांबवली की बीज पुन्हा तयार होऊ लागतं. आठवडाभराच्या लोहाच्या गोळ्या गाळून नवं पाकीट सुरू केलं तर पाळीच टळते, वेदनाही. डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, तर मात्र ही गोळी नाही.

हॉर्मोन सोडणारी तांबीही असते. साध्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, हिने कमी होतो. पण सुरुवातीला डाग हिच्यातही पडतात.

ल्युप्रोलाइडचं महिन्याचं इंजेक्शन हजारोंचं, शिवाय वेचणीच्या दिवसांत प्रत्येक खेपेला रोज बुडतो. अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होतात. म्हणून सोबत आधाराचं हॉर्मोन दिल्याशिवाय सहा महिन्यांपुढे जात नाहीत.

लगेच मूल हवं असेल, तर यातलं काहीच कामाचं नाही; उलट तेवढे महिने वाया जातात. एकीला बाईंनी विचारलं, नवऱ्याची तपासणी झाली का? लग्नाला चार वर्षं झाली होती, सगळ्या तपासण्या तिच्याच होत्या. चिठ्ठीवर त्यांनी औषधाऐवजी नवऱ्याची तपासणी लिहिली.