मांजरांची साथ आणि शेजाऱ्यावरचा संशय

मांजर व्याली की पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. पनवेलच्या जुन्या वाड्यांत ती पिल्ले तोंडात धरून एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जाते आणि सगळी आळी तिला वाट करून देते. आमच्या मुसलमान घरांत मांजराचे उष्टे नापाक मानत नाहीत. त्यामुळे तिला मुक्तद्वारच. मी पशुवैद्य नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण मांजराविना गेलेले वर्ष मला आठवत नाही. पाहिलेले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलेले, तेवढे सांगतो.

कधी कधी आठवड्याभरात आळीतली बहुतेक पिल्ले दगावतात. काल उड्या मारणारे पिल्लू आज कोपऱ्यात बसते. पाण्याच्या वाटीवर मान टाकते, पण पाणी पीत नाही. उलट्या, जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत सारे संपते. मग कुजबुज सुरू होते, ‘कुणीतरी विष घातले.’ ज्याच्या ओट्यावरचा बांगडा मांजराने पळवला होता, त्याच्यावर पहिला संशय. एवढ्यावरून दोन घरांचे बोलणे तुटलेले मी पाहिले आहे.

विषप्रयोग कधीच होत नाही असे नाही. पण पुष्कळदा गुन्हेगार असतो एक विषाणू. रोगाचे नाव पॅनल्युकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्वोचा हा भाऊबंद. तो आतड्यांवर आणि हाडांतल्या मगजावर घाला घालतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाइन आणि इंजेक्शने देऊन तग धरायला मदत करायची. पहिले पाच दिवस निभावले, तर मांजर बहुधा वाचते. म्हणून खाणे सुटले की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नये. मांजराला ती जीवघेणी ठरते.

‘आमची मनी फ्लॅटबाहेर पाऊलही टाकत नाही, तिला लस कशाला?’ असे नवीन पनवेलमधल्या सोसायट्यांत हमखास ऐकू येते. मनी बाहेर जात नाही, पण आपण जातो. आजारी मांजराच्या विष्ठेतला हा विषाणू मासळी बाजारातून आपल्या चपलेला चिकटून घरी येऊ शकतो. तो वर्षभरही टिकतो. चपला दाराबाहेर काढाव्यात, भटक्या मांजराला कुरवाळले तर हात धुवावेत. खरे संरक्षण मात्र लशीचेच.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला देतात. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. इतक्यांदा का? ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच चीक मांजरीलाही असतो. त्यातून आईची प्रतिकारशक्ती पिल्लाला मिळते. पण ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. ती कधी ओसरेल याचा नेम नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टोचावे लागते. वर्षाच्या आत-बाहेर पुढचा डोस, नंतरचे डॉक्टर सांगतील तसे. याच लशीत शिंका, डोळ्यांतले पाणी, तोंडातले फोड आणणाऱ्या हर्पीस आणि कॅलिसी विषाणूंचीही तजवीज असते. तो आजार ती पुरता रोखत नाही, पण सौम्य करते. रेबीजची लस वेगळी; तीही चुकवू नये.

घरात पिल्लू दगावले की आपण बादलीभर फिनेल ओततो. फिनेलने हा विषाणू भरवशाने मरत नाही. उलट मांजर पंजे चाटते आणि ते तिच्या पोटात जाते. आधी जागा साबणाने धुवावी. मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी दहा मिनिटे राहू द्यावे, स्वच्छ धुऊन वाळल्यावरच मांजराला आत घ्यावे. अशा घरात लस न झालेले नवे पिल्लू वर्षभर आणू नये.

एरवीही नवे मांजर आणले तर निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. वाटी, गोणपाट, मातीचे तसराळे सारे वेगळे. ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून, चाटण्यातून पसरतो, तेव्हा रक्ततपासणी केलेली बरी. मांजरांच्या एड्सचा विषाणू मुख्यतः चाव्यांतून जातो. बोक्याचे ऑपरेशन करून घेतले की मारामाऱ्या कमी होतात आणि तो धोकाही.

या विषाणूंची लागण माणसाला होत नाही. रेबीजची गोष्ट निराळी, पण उलट्या करणारे मांजर भीतीने पिशवीत घालून खाडीकाठी सोडून येण्याचे काहीच कारण नाही. तसे केल्याने ते तर मरतेच, शिवाय तिथल्या मांजरांत साथ पोहोचते.

आपण कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो. त्याच चौकटीत लशीची तारीखही लिहावी. आणि पुढच्या वेळी आळीत पिल्ले दगावू लागली, तर शेजाऱ्याचे दार जरूर ठोठवावे. भांडायला नव्हे, तर त्याच्या मांजराला लस दिली आहे का, हे विचारायला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)