खुन्याची गोष्ट आपण का ऐकतो?

खून, रक्त, गोणीत बांधलेली प्रेते आणि माणसाच्या मनातील गलिच्छ कोपरे यांच्याविषयी दिवसाढवळ्या कोणी बोलू लागला, तर आपण त्याला आवरते घ्यावयास सांगू. बायकामुलांसमोर तर तो विषयच नको, असे म्हणू. पण रात्रीची जेवणे आटोपली, निजानीज झाली, की हीच सभ्य मंडळी मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर एखाद्या नराधमाची कथा तीन तीन तास पाहत बसतात. मुंबई-पुण्याचीच ही गोष्ट नव्हे. इच्चोड्याचा हमरस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या, मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तीन भाषा कानी पडणाऱ्या बाजारहत्नूरसारख्या गावीही ही आवड पोहोचली आहे. ती विकृती आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण श्रोतेहो, ज्या गोष्टीत लाखो साध्यासुध्या माणसांना रस वाटतो, तिला विकृती म्हटल्याने काहीच उलगडत नाही.

मराठी वाचकाला गुन्ह्याच्या कथेचे वेड नवे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या हातोहात खपल्या. पण त्यांचा झुंजार काय किंवा काळापहाड काय, हे पुरुष अंधारात वावरले तरी उजेडाच्या बाजूचे होते. शेवटच्या प्रकरणात दुष्टाला शासन होई, पुस्तक मिटून वाचक शांतपणे झोपी जाई. आजची काळी कथा अशी झोप लागू देत नाही. तिच्यातला पोलीस अधिकारी दमलेला, कधी खचलेला, कधी स्वतःच अर्धा बिघडलेला असतो. खून एक नसतो, त्यांची मालिका असते. इंग्रजीत अशा हत्याऱ्यास जे नाव आहे ते 'सीरियल किलर' म्हणून आता मराठीतही रुळले आहे. आणि शेवटी गुन्हेगार सापडला तरी आपल्या मनातली अढी सुटत नाही.

ही कथा परदेशातून आली असा आपला समज असतो. लंडनमध्ये १८८८ साली व्हाइटचॅपल भागात स्त्रियांच्या हत्या करणारा तो अज्ञात 'जॅक', आणि पुढे हॉलिवुडचे 'सायको' (१९६०) व 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१) हे चित्रपट, अशी तिची वंशावळ सांगितली जाते. तथापि या जातीची एक फार मोठी कादंबरी त्या 'जॅक'च्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी आपल्याच मुलखाच्या मातीतून निघाली, हे फारसे कोणी सांगत नाही. ती लिहिणारा इंग्रज होता, पण चाकर निजामाचा होता. फिलिप मेडोज टेलर हे त्याचे नाव. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा माणूस कोवळ्या वयात मुंबईस आला आणि पुढे हैद्राबादच्या निजामाच्या फौजेत दाखल झाला. तुळजापूर-नळदुर्गाकडचा प्रदेश त्याने पायाखाली घातला होता. १८३९ साली त्याने ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध केली आणि साऱ्या इंग्लंडला तिने वेड लावले. खुद्द व्हिक्टोरिया राणीला इतका धीर निघेना की, छपाई चालू असतानाच तिने मुद्रितांचे कागद मागवून घेतले, असे सांगतात.

या कादंबरीचा नायक अमीर अली तुरुंगात बसून एका साहेबाला आपली जीवनकथा ऐकवतो. सातशे एकोणीस माणसे मारल्याचे तो कबूल करतो, आणि मध्ये बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजाराचा आकडा गाठला असता, अशी हळहळही व्यक्त करतो! पण वाचकाच्या अंगावर काटा येतो तो आकड्याने नव्हे. हा अमीर अली देखणा आहे, गोड बोलणारा आहे, मुलाबाळांवर माया करणारा आहे. वाटेवर भेटलेल्या व्यापाऱ्याशी तो चार दिवस हसतखेळत प्रवास करतो, त्याच्याबरोबर जेवतो, त्याच्या संसाराची चौकशी करतो. मग एका संध्याकाळी तमाखू आणण्यासारख्या साध्या शब्दांत 'झिरणी', म्हणजे इशारा होतो आणि पाठीमागून गळ्याभोवती रुमाल पडतो.

जबलपूर, नागपूर, आदिलाबाद, निर्मळ आणि हैद्राबाद हा त्या काळचा दख्खनचा मोठा रस्ता. आजचा चव्वेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पुष्कळसा त्याच अंगाने जातो. त्या काळी या वाटेने निघालेला प्रवासी घरी परतला नाही, तर तो वाघाने नेला, तापाने गेला की माणसाने मारला हे कळण्याचा मार्ग नव्हता. एकटे जाणे धोक्याचे, म्हणून सोबत हवी. आणि सोबतच जीव घेणार! या कथांची खरी मोहिनी मला येथे दिसते. शत्रूच्या हातून येणाऱ्या मरणाची कथा वीररसाची होते. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्या हातून येणाऱ्या मरणाची कथा वेगळी. ती ऐकताना आपण मनातल्या मनात आपल्या ओळखीची माणसे तपासून पाहत असतो.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. भरताने भयानक आणि बीभत्स या दोहोंना रसांच्या पंक्तीत बसविले आणि भय व जुगुप्सा हे त्यांचे स्थायी भाव सांगितले. जे प्रत्यक्षात नकोसे वाटते ते नाटकात हवेसे का वाटते, याचे अभिनवगुप्ताने दिलेले उत्तर असे की, रंगभूमीवरील भय हे माझे किंवा तुझे राहत नाही, ते सर्वांचे होते, आणि म्हणून त्यापासून पळून न जाता त्याची चव घेता येते. उत्तर सुंदर आहे. पण माझ्या मते ते येथे अर्धेच लागू पडते. नाटकातला राक्षस नाटकातच राहतो. या कथांतला खुनी मात्र उद्या शेजारच्या घरात राहावयास येऊ शकतो, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असते. २०१० साली अमेरिकेतील व्हिकरी व फ्रेली या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, खऱ्या खुनांच्या कथा वाचण्याकडे पुरुषांपेक्षा स्त्रियांचा ओढा अधिक असतो, आणि जीव कसा वाचवावा याची माहिती ज्यात मिळेल अशा कथा त्या विशेष निवडतात. ज्यांना धोका अधिक जाणवतो त्याच धोक्याचा अभ्यास करतात, असा त्याचा अर्थ लावता येईल. आपल्या आज्या लेकीसुनांना अंधारातल्या पाणवठ्याच्या गोष्टी सांगत, त्यांतही काही केवळ करमणूक नसे.

१९६८ साली मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत झोपड्यांत आणि पदपथांवर निजलेल्या माणसांची डोकी रात्री ठेचली जाऊ लागली. हातावर पोट असलेली ती माणसे. दाराला कडी लावावी तर दारच नव्हते. ऑगस्टमध्ये रामन राघव पकडला गेला. त्याला फाशीची शिक्षा झाली, पण मनाचा असाध्य आजार ध्यानी घेऊन १९८७ साली ती जन्मठेपेत बदलण्यात आली आणि १९९५ साली तो मरण पावला. त्याच्यावर पुढे चित्रपट निघाले. त्या तपासाचे सूत्रधार रमाकांत कुलकर्णी हे अधिकारी. थोड्याच वर्षांत त्यांना एका दुसऱ्या गावी जावे लागले, आणि ते गाव आपल्या आदिलाबादकरांच्या पुष्कळ जवळचे आहे.

परभणी जिल्ह्यातील मानवत हे ते गाव. १९४८ पर्यंत मानवत आणि बाजारहत्नूर एकाच निजामाच्या अमलाखाली होती. किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तेव्हा मानवतची गोष्ट परमुलखाची नव्हे. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत या गावात एकामागून एक स्त्रिया आणि लहान मुली मारल्या गेल्या. काळ दुष्काळाचा होता. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, पिंपळाखालच्या मुंजाला संतुष्ट केले म्हणजे गुप्तधन सापडेल आणि कूस उजवेल, या समजुतीतून हे बळी दिले गेले. रामन राघवच्या बाबतीत, निदान त्याचे मन बिघडलेले होते, असे तरी म्हणता येते. येथे तीही सोय नाही. मुंजा सर्वांना ठाऊक होता, गुप्तधनाच्या गोष्टी सर्वांनी ऐकल्या होत्या. ज्या समजुतीवर सारे गाव थोडा थोडा विश्वास ठेवीत होते, तिच्यावर काहींनी पुरता विश्वास ठेवला, इतकेच. २०२४ साली या प्रकरणावर मराठीत मालिका आली आणि कुलकर्ण्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. ती पाहून पुष्कळांनी विचारले, असे खरोखर घडले होते काय? पैनगंगेच्या पलीकडे नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच त्याचे उत्तर आहे.

आता एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ठगांची माहिती स्लीमनने मिळविली ती मुख्यतः माफीच्या साक्षीदारांकडून. मानवतच्या खटल्याचा मोठा भार माफीच्या साक्षीदारावर होता. १९७६-७७ मध्ये पुण्याला संध्याकाळी सातनंतर दारे बंद करावयास लावणारे जोशी-अभ्यंकर हत्याकांड झाले, त्यातही टोळीतलाच एक माफीचा साक्षीदार झाला. त्यावरचा चित्रपट तर त्याच नावाने १९८६ साली निघाला, आणि फाशी गेलेल्या चौघांपैकी एकाने तुरुंगात लिहिलेला कबुलीजबाबही पुस्तकरूपाने वाचला गेला. म्हणजे आपल्याला हवा असतो तो आतला आवाज, जो तेथे होता त्याचा. परंतु त्या आवाजाला आपला गळा सोडवून घ्यावयाचा असतो, हे आपण विसरतो. साहेबाला जे ऐकावयाचे आहे ते सांगितले तर फास टळतो, हे ठगांच्या साक्षीदारांना चांगलेच कळत होते. ठगी हा पिढीजात धर्मपंथ होता हे स्लीमनचे चित्र कितपत खरे, अशी शंका अलीकडचे इतिहासकार घेतात ती यामुळेच.

या शंकेचे महत्त्व केवळ ग्रंथांपुरते नाही. १८३६ च्या कायद्याने, प्रत्यक्ष खून शाबीत न होता, ठगांच्या टोळीत होता एवढ्यावरून माणसाला जन्मठेप देता येऊ लागली. जन्मजात गुन्हेगार ही कल्पना एकदा मनात रुजल्यावर १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि पुढे पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींतील माणसे आईच्या पोटातूनच गुन्हेगार ठरली. हजेरी, तारेचे कुंपण, गाव सोडण्यास परवाना! तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की प्रथम कोणाच्या पालावर धाड पडते, ते खेड्यातल्या कोणालाही विचारावे. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी वाचकाने हीच कथा कुंपणाच्या आतून ऐकली. अमीर अलीच्या वाचकांपैकी किती जण तेथपर्यंत आले असतील, कोण जाणे.

म्हणून या जातीच्या कथांत मला मोठी वाटते ती कोरियातील बोंग जून-हो यांची 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३). भातशेतांचा मुलूख, खेड्यातले पोलीस, मारल्या गेलेल्या स्त्रिया. आपल्याला ते चित्र अजिबात परके वाटत नाही. त्यातले पोलीस नजरेवरून गुन्हेगार ओळखण्याचा दावा करतात आणि दुबळ्या माणसांना मारझोड करून कबुल्या घेतात. खुनी सापडतच नाही. ह्वासंग या भागातील खऱ्या खुनांवर ती बेतलेली होती. खरा गुन्हेगार २०१९ साली उघडकीस आला. तो दुसऱ्याच एका खुनाबद्दल कित्येक वर्षे तुरुंगात होता. आणि त्या मालिकेतील एका खुनासाठी जवळजवळ वीस वर्षे तुरुंग भोगलेला एक माणूस २०२० साली निर्दोष ठरला.

मानवतच्या खटल्यात काहींच्या शिक्षा टिकल्या, काही जण सुटले. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिला आहे. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुरावा का हवा, कबुलीजबाब नोंदविताना दंडाधिकाऱ्याने कोणती खबरदारी घ्यावी, तपासाच्या उत्साहात पोलिसांचा हात कोठडीतल्या माणसावर कसा पडतो, शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे का ऐकावे, या साऱ्यांचा ऊहापोह त्यात आहे. ज्यांनी मालिका पाहिली त्यांनी तो अवश्य वाचावा. मालिकेपेक्षा तो मला अधिक काळा वाटला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून पाठ असतो. दगडू हा आरोपींपैकी एक. मारल्या गेलेल्या मुलींची नावे त्या निकालाच्या आतल्या पानांवर आहेत.