बांधावरची कण्हेर आणि वाढ्याची पेंढी



कण्हेर ठाऊक नाही असा शेतकरी आपल्यात कोणी नसेल. देवळापुढे, परसात, हमरस्त्याच्या मधल्या पट्ट्यात तांबडी, गुलाबी, पांढरी कण्हेर फुललेली दिसते. महादेवाला हे फूल वाहतात. पाण्याचा ताण पडो, धूळ बसो, जमीन खारवट असो, झुडूप तग धरते. लावायला कष्ट नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी रोवली की फुटते. कुंपणासाठी तीन-चार फुटांचे अंतर पुरे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की छाटणी करावी.

छाटणीचे नाव निघाले म्हणून मुद्द्याचे बोलतो. कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ सगळेच विषारी. हे विष थेट हृदयावर जाते. मोठ्या जनावराला दहा-वीस पानेसुद्धा भारी पडतात.

ओले पान कडू, त्याला बैल सहसा तोंड लावीत नाही. पण हंगामात बांधाकडेचा ऊस तोडताना एखादी फांदी कोयत्याखाली येते अन् वाढ्याच्या पेंढीत बांधली जाते. पान वाळले तरी विष तसेच राहते, आणि भुकेला बैल पेंढीतून ते निवडून थोडेच टाकणार? तोडणीला आलेल्या गाडीवानाची बैलजोडी म्हणजे त्याची सारी कमाई. ती आपल्या बांधावरच्या पाल्याने जाऊ नये.

जनावर चारा सोडते, लाळ गाळते, पोट दुखून हगवण लागते, नाडीचे ठोके चुकतात. कधी काही दिसायच्या आतच दगावते. संशय येताच त्याला जुंपू नये, चालवूही नये. पशुवैद्यकाला बोलवावे आणि कण्हेर पोटात गेली असावी हे आधी सांगावे. घरगुती काढे पाजत वेळ घालवू नये.

बिट्टी, म्हणजे काहींची पिवळी कण्हेर, ही जात वेगळी, मूळ अमेरिकेतली; विष मात्र त्याच प्रकारचे. तिच्या बिया पोरे खेळायला घेतात. एखादी पोटात गेली तर त्रासाची वाट न बघता दवाखाना गाठावा.

तेव्हा तोडणीची टोळी शेतात येण्याआधी बांधाकडेची कण्हेर छाटून पाला खड्ड्यात पुरावा. नवी लावायची तर देवळापाशी, रस्त्याकडेला खुशाल लावा. गोठा, पाण्याचा हौद आणि उसाला लागून असलेला बांध तेवढा सोडा.