त्याच्या नावाची घागर भरायची की नाही?

आखाजी आली की खान्देशात घरोघरी पितरांची घागर भरली जाते. कुंभाराकडची नवी घागर पाण्याने भरायची, वर डांगर आणि सांजोरी ठेवायची, गेलेल्यांची नावे घ्यायची आणि चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकायची. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि आत म्हातारी माणसे एकेक नाव आठवत असतात. ज्या घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःचा जीव दिला, तिथे मात्र एका नावापाशी सगळे थांबतात. 'त्याना आत्मा भटकस, त्याले पानी पोचत नही,' असे कुणीतरी हळूच म्हणते आणि ते नाव राहून जाते.

मेल्यावर माणसाचे काय होते हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण या समजुतीपायी मागे राहिलेल्यांचे काय होते ते उघड्या डोळ्यांनी बघायला हवे. बाईला हळदीकुंकवाच्या चार बायकांत कुणी बोलावत नाही. पोरीची सोयरीक जमत आली की 'त्या घरात तसं झालंय' असे पाहुण्यांच्या कानावर घातले जाते. मग घरचे लोकही खरे सांगेनासे होतात. 'विहिरीवर पाय घसरला', 'अचानक काय झालं कळलंच नाही', अशी उत्तरे ठरून जातात. ज्या घरात असा मृत्यू झाला त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मनात तसला विचार येण्याचा धोका जास्त असतो, हे डॉक्टर सांगतात. त्या दुसऱ्याने बोलायचे कुणाजवळ? घरात तर तो विषयच बंद.

शास्त्राचे म्हणाल, तर ते गावातल्या बोलण्याइतके कठोर नाही. जुन्या स्मृतींनी अशा मृतासाठी सुतक, पाणी, पिंड नको म्हटले हे खरे. पण त्याच परंपरेने नारायणबलीचा विधीही सांगितला. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला 'धर्मसिंधु' आजही भटजी उघडतात. दुर्मरण आलेल्यासाठी नारायणबली करून पुढे नेहमीसारखे श्राद्ध करावे, असे त्यात आहे. म्हणजे सगळ्यांत कडक पुस्तकानेही त्याला कायमचे दाराबाहेर ठेवलेले नाही. कीर्तनात ईशावास्य उपनिषदातल्या 'आत्मघातकी' लोकांचा अंधाराच्या लोकात जाण्याचा दाखला देतात. शंकराचार्यांनी मात्र तिथे अर्थ घेतला आहे तो आत्म्याला न ओळखणाऱ्या अज्ञानी माणसाचा. आणि विधीसाठी सावकाराकडून पैसे उचलून त्र्यंबकेश्वर गाठलेच पाहिजे असेही नाही. आपल्याकडची माणसे उत्तरक्रियेसाठी तापीकाठच्या प्रकाशालाही जातात. कर्जापायी माणूस गेला आणि त्याच्या शांतीसाठी पुन्हा कर्ज, यात शांती कुणाला मिळणार?

नवापूर तालुक्यात ख्रिस्ती आदिवासी कुटुंबे बरीच आहेत. ख्रिस्ती धर्मातही हे पापच मानले गेले आणि एके काळी कॅथॉलिक चर्च अशा माणसाचा अंत्यविधी नाकारीत असे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात ती मनाई राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तर मनाच्या गंभीर आजारात माणसाची जबाबदारी कमी होते, त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असे लिहिले आहे. इस्लाममध्ये आत्महत्या हराम, तरीही अशा माणसाची जनाजाची नमाज पढावी असे बहुतेक उलेमांचे मत आहे. कृत्य वाईट, पण माणूस टाकायचा नाही, असाच सगळीकडचा कल दिसतो.

सातपुड्यात गोष्ट निराळे वळण घेते. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर तरणाताठा माणूस अवेळी गेला की तो आपल्या दुःखाने गेला असे सहसा कुणी म्हणत नाही. कुणीतरी 'खाल्लं' असा संशय येतो. बुवाकडे दाणे पाहिले जातात आणि एखाद्या एकट्यादुकट्या बाईवर डाकीण म्हणून बोट ठेवले जाते. अशा बायकांना मारहाण झाल्याच्या, गावातून हाकलल्याच्या घटना या जिल्ह्यात घडल्या आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. पण कायदा पोचेपर्यंत एका मरणातून दुसरे घर उद्ध्वस्त झालेले असते. खरे कारण दारू असेल, कर्ज असेल, ऊसतोडीहून रिकाम्या हाताने परत येणे असेल, मनाचा आजार असेल. ते तसेच राहते.

आता एक अवघड गोष्ट. साने गुरुजी म्हणजे आपल्या खान्देशाचे दैवत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता प्रवचने उतरून घेणारे, पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषणाला बसलेले. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपले जीवन संपवले. गुरुजींचा आत्मा भटकतो असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? आजही शाळेशाळेत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. मग जो न्याय गुरुजींना, तो गावातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला का नाही? मात्र त्यांच्या अशा जाण्याचे कुणी कौतुक करू नये. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात राहणारा, दुसऱ्यांचे डोळे पुसणारा माणूसही आतून एकटा पडू शकतो, एवढे त्यातून ओळखावे.

काही वडीलधारे म्हणतात, 'भीती आहे म्हणून तरी माणसं थांबतात. ती काढली तर काय उरलं?' प्रश्न खोटा नाही. श्रद्धेने सावरलेली माणसे आहेतच. वारी, माळ, नवस, पोराबाळांचे तोंड, यांनी कित्येकांना धरून ठेवले आहे. पण माळेने धरून ठेवणे वेगळे आणि नरकाच्या भीतीने गप्प बसवणे वेगळे. ज्याला रात्र रात्र झोप नाही, 'मी गेलो तर घरच्यांची कटकट मिटेल' असे ज्याला खरोखर वाटते, त्याला आपण नरकातच आहोत असे वाटत असते. त्याला भीती घातली की तो आपला विचार लपवतो.

शिवाय ही वेळ बहुधा टळणारी असते. श्रीलंकेने १९९५ पासून शेतीतली अतिविषारी औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली. पुढच्या वीसेक वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. लोक तेच, धर्म तोच, स्वर्ग-नरकाच्या कल्पना त्याच. फक्त त्या एका घटकेला हाताशी काही नव्हते आणि माणसे वाचली. म्हणून घरातले शेतीचे औषध कुलपात असावे आणि किल्ली खचलेल्या माणसाकडे नसावी. खर्च फक्त एका कुलपाचा.

बोलण्याने फरक पडतो याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे नेले. त्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी शंभरात चार होते, ते सत्तावीस झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शंभरी पाचवरून अडीचवर आले. यात जादू कसली? कुणीतरी दारात येऊन विचारले, एवढेच.

बुवा-भगताकडे जाणे सोडा म्हटले तर लोक डॉक्टरकडेही येत नाहीत, हा सगळीकडचा अनुभव. शेजारच्या गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा प्रयोग झाला. मुजावर दुआ देतात आणि तिथल्याच दवाखान्याकडे पाठवतात. आपल्याकडच्या पुजाऱ्याला, बडव्याला हे समजावणे अवघड नाही. गावचा त्याच्यावर विश्वास आहे. 'अंगारा लाव आणि गोळीही घे,' हे त्याने सांगितले तर आरोग्य खात्याच्या शंभर भित्तिपत्रकांचे काम होईल.

दुसरी भीती पोलिसांची. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ मध्ये जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होती. त्या धाकाने लोक पेशंटला दवाखान्यात न्यायला घाबरत आणि वेळ निघून जाई. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर येते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ठेवलेले नाही. दवाखान्यात पोलीस जबाब लिहून घेतील. ती नोंद आहे, गुन्हा नव्हे. तेव्हा १०८ ला फोन करायला कचरू नये आणि काय झाले ते डॉक्टरला खरे सांगावे.

ओळखायचे कसे, असे बायामाणसे विचारतात. जेवण तुटते, झोप जाते, दारू वाढते. माणूस शेतावर जायचे सोडतो, हिशेब मिटवायला लागतो, बैल किंवा आवडीची वस्तू देऊन टाकतो, 'माझ्यामागं पोरांकडं बघा' असे बोलून जातो. तेव्हा सरळ विचारावे, 'दादा, जीव नकोसा झालाय का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट छातीवरचा दगड थोडा हलतो. उपदेश करू नये, 'मर्दासारखा मर्द आणि रडतो काय' म्हणू नये. ऐकून घ्यावे आणि त्या रात्री त्याला एकटे सोडू नये.

टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते आणि नातेवाईकानेही करायला हरकत नाही. वरच्या पाड्यांवर जिथे रेंज नाही तिथे आशाताईला गाठावे, तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिथून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. पहिल्या खेपेला पेशंटला एकट्याला पाठवू नये, घरचे कुणीतरी सोबत हवे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या बंद करू नयेत, आणि बरे वाटले तरी डॉक्टरला विचारूनच थांबवाव्यात.