आधी द्या, मग घ्या!

फुकट मिळतंय म्हटल्यावर सगळ्यात पुढे, आणि द्यायची वेळ आली की मोबाइल स्विच ऑफ! असा एक नमुना प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. नेटवर तर अशांचीच गर्दी. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने 2001मध्ये बिटटोरेंट आणलं ते याच मंडळींना गृहीत धरून. म्हणूनच मला हा पठ्ठ्या भारी वाटतो.

एरवी कसं, सर्व्हर एक आणि गिऱ्हाइकं हजार. फाइल जितकी हिट, तितका सर्व्हर मेटाकुटीला. कोहेनने फाइलचे बारीक तुकडे केले. तुमच्याकडे एक तुकडा आला रे आला, की तुम्हीही वाटपाला लागायचं. म्हणजे घेणारे वाढले की देणारेही वाढले! 2003मध्ये रेड हॅट लिनक्स 9 हजारो लोकांनी असंच एकमेकांकडून उतरवून घेतलं. (पायरसीवाल्यांनी नाव खराब केलं, ते वेगळं.)

पण लोकांनी द्यावं का? खरी गंमत इथेच आहे. जो तुम्हाला भरभरून देतो, त्यालाच तुमचा प्रोग्राम देतो. दर 10 सेकंदांनी नवा हिशेब! मग नवख्याचं काय, त्याच्याकडे तर द्यायला काहीच नाही? त्याच्यासाठी एक जागा मोकळी. दर 30 सेकंदांनी कुणा एकाला चान्स, परतफेडीची अट नाही.

फक्त अख्खी फाइल मिळाल्यावर थांबायची सक्ती कुणावरच नाही. तिथे कोहेनचंही गणित हात टेकतं. मी मात्र लिनक्स उतरवून झालं तरी मशीन सकाळपर्यंत चालू ठेवतो. आई विजेचं बिल दाखवते. दाखवू दे!