चेहरा एकाचा, हात शंभरांचे

सायंकाळचे सात वाजले, की पुसद असो वा पांढरकवडा, घरोघरी एकच दृश्य दिसते. भाजी निवडता निवडता सासूबाई मालिकेतल्या सासूची बाजू घेतात, पोळ्या लाटता लाटता सूनबाई त्याच सासूवर तोंडसुख घेतात, आणि कोपऱ्यातून आजोबा 'आता बातम्या लावा' म्हणून कुरकुरतात. नायिकेची साडी, खलनायिकेच्या भुवया, वृत्तनिवेदकाचा आवाज या विषयांत प्रत्येक घरी एक तरी तज्ज्ञ असतोच. पण भाग संपून नावे सरकू लागली, की रिमोट ज्याच्या हाती असेल तो वाहिनी बदलतो. अलीकडे बहुतेक वाहिन्यांनी तोही त्रास वाचवला आहे. नावे पळतात ती अशी, की वाचणाऱ्याची मान दुखावी. कित्येकदा तर ती दाखवीतच नाहीत.

वाचकहो, त्या पळणाऱ्या नावांविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात मराठी शिकविणाऱ्या माणसाला दरवर्षी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : 'सर, मराठी घेऊन बी. ए. झाल्यावर पुढे काय?' त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा या नावांत सापडतो. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. आपला मुलूख जगाला कसा दिसावा, हे पडद्यावरचा चेहरा ठरवीत नाही. ते ठरवतात पडद्यामागची, आपल्याला कधीही न दिसणारी माणसे.

आठवणीत राहतो तो नट

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. तिच्या त्या बाल्यावस्थेतील निर्मात्यांमध्ये आपले पु. ल. देशपांडे होते, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि मराठी घरांत हे नवे खूळ खऱ्या अर्थाने शिरले.

ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना विचारा. 'चिमणराव' म्हटले, की दिलीप प्रभावळकरांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहील. ती गंमत अजून ताजी आहे. 'गजरा' म्हटले, की त्यातील विनोदी नट आठवतील. पण 'गजरा' गुंफणारे निर्माते विनायक चासकर किती जणांना आठवतात? 'ज्ञानदीप' लावणारे आकाशानंद? ही तर निर्मात्यांची गोष्ट झाली. त्यांच्या कार्यक्रमांत ज्यांनी कॅमेरा धरला, दिवे लावले, फिती जोडल्या, त्यांची नावे त्यांच्या शेजाऱ्यांना तरी ठाऊक असतील की नाही, कोण जाणे!

अर्ध्या तासाचा कारखाना

मालिकेचा एक भाग अर्ध्या तासाचा म्हणतात. जाहिराती वजा करता गोष्ट उरते सुमारे बावीस मिनिटांची. आठवड्याला असे पाच-सहा भाग द्यावयाचे म्हणजे रोज नवा घाणा काढण्यासारखेच आहे. येथे लेखकही एक नसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी असते. दिवसाला बारा-तेरा तास काम चालते आणि संवादाचा कागद पुष्कळदा चित्रीकरणाच्या तोंडावर हाती पडतो.

त्यातही दृश्ये गोष्टीच्या क्रमाने घेत नाहीत. स्वयंपाकघर एकदा उजळले, की तेथली सगळी दृश्ये उरकून घेतात, मग ती सोमवारच्या भागातली असोत की गुरुवारच्या. अशा वेळी सुनेच्या कोणत्या हाताला पट्टी होती, कपात चहा किती उरला होता, मंगळसूत्र पदराच्या आत होते की बाहेर, हे लक्षात ठेवणारा एक साहाय्यक दिग्दर्शक असतो. त्या कामाला 'कंटिन्युइटी' म्हणतात. त्याने डुलकी घेतली, तर पट्टी उजव्या हातावरून डाव्या हातावर जाते आणि दुसऱ्या दिवशी सारा महाराष्ट्र हसतो. काम नीट झाले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पडद्यामागच्या बहुतेक कामांचे नशीब असेच आहे.

ध्वनिमुद्रकाचेच पाहा. संवाद घेताना तो पंखे बंद करवतो, कावळे हाकलवतो. दृश्य संपल्यावर मात्र सर्वांना अर्धा मिनिट स्तब्ध उभे करून त्या खोलीतील शांतता मुद्रित करून घेतो. शांतता कसली मुद्रित करावयाची, असे आपल्याला वाटेल. पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कौलारू घराची निराळी, पत्र्याच्या घराची निराळी. ती संवादांच्या मधल्या फटींत भरली नाही, तर जोडकाम कानाला खटकते. तिकडे लाईटदादा साध्या थर्मोकोलच्या पांढऱ्या फळीवरून उजेड परतवून नायिकेच्या गालावरची सावली मऊ करीत असतो.

ड्रेसदादा, मेकअपदादा, स्पॉटदादा अशा साऱ्या 'दादा' मंडळींच्या या जगात स्त्रियांना मात्र पुष्कळ झगडावे लागले. मुंबईच्या चित्रसृष्टीत कित्येक दशके असा दंडक होता, की रंगभूषा पुरुषांनी करावी, स्त्रियांनी केशभूषेवर समाधान मानावे. कायद्यात तसे काही नव्हते; संघटनेचा तो नियम होता. चारू खुराना आणि इतर काही जणी त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. घरोघरच्या नववधूंना सजविणाऱ्या हातांना नटीच्या चेहऱ्याला रंग लावण्यासाठी २०१४ साल उजाडावे लागले!

बातमीचा शेवटचा माणूस

मालिका मुंबई-ठाण्याकडच्या. आपल्या जिल्ह्याशी दूरचित्रवाणीचा खरा संबंध येतो तो बातम्यांतून.

वृत्तनिवेदक आपल्याकडे पाहून घडाघडा बोलतो, तेव्हा त्याच्या पाठांतराचे कौतुक करू नये. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तिरक्या काचेवर अक्षरे सरकत असतात आणि ती तो वाचतो. जुन्या नाटकांत विंगेत उभा राहून वाक्ये पुरविणारा प्रॉम्प्टर येथे काचेवर येऊन बसला आहे, इतकेच. त्याच्या कानातल्या यंत्रातून निर्माता सूचना देत असतो. शेजारच्या खोलीत कोणते दृश्य केव्हा दाखवावयाचे याच्या कळा कोणी दाबीत असतो. तळाशी धावणारी पट्टी आणखी कोणी लिहीत असतो. ती पट्टी लिहिणाराने एक वेलांटी चुकविली, की 'कामगार दिन' हा 'कामगार दीन' होतो. अर्थ अगदीच चुकत नाही म्हणा, पण ते असो!

या साऱ्या साखळीची शेवटची कडी म्हणजे जिल्ह्याच्या गावी मोटारसायकलवरून हिंडणारा 'स्ट्रिंजर'. हा वाहिनीचा पगारी नोकर बहुधा नसतो. त्याला बातमीमागे पैसे मिळतात. पूर्वी तो चित्रीकरणाची कॅसेट नागपूरच्या एस.टी.त वाहकाच्या हवाली करी आणि ती पोचेपर्यंत जीव टांगणीला लावून बसे. आता खिशातल्या मोबाईलवरच चित्रण करून तो ते तेथूनच पाठवतो. घाटंजीच्या शिवारातली गारपीट मुंबईला कळते ती त्याच्यामुळे. पण पडद्यावर बोलतो तो मुंबईचा निवेदक. आणि तो 'आर्णी'ला 'अर्णी' म्हणाला, की गावकरी धरतात ते या स्ट्रिंजरलाच!

वरून पाहणारा कॅमेरा

कॅमेऱ्याला आमचा जिल्हा अपरिचित नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी यवतमाळचे नाव देशभर पोचविले. तरीही २००६ साली मुंबईत एका फॅशनच्या सोहळ्याला पाचशेहून अधिक पत्रकार जमले होते आणि त्याच सुमारास विदर्भात या आत्महत्यांचे वार्तांकन करणारे बाहेरचे पत्रकार मोजून सहा होते, असे पी. साईनाथ यांनी नोंदवून ठेवले आहे. त्या सोहळ्यात मिरवले गेले ते सुती कपडे, आणि इकडे मरत होता तो कापूस पिकविणारा! पुढे २००८ साली जळका गावातील एका शेतकरी विधवेचे नाव संसदेत उच्चारले गेले आणि वाहिन्यांच्या गाड्यांची तेथे रीघ लागली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी भगिनीने केले, तेव्हाही छत्र्यांच्या आकाराच्या तबकड्या घेतलेल्या गाड्या गावात उभ्या होत्या.

गाड्या आल्या आणि गेल्या. तक्रार त्याबद्दल नाही. पण त्या चित्रांत एक गोष्ट वारंवार दिसते. शेतकरी बांधावर उकिडवा बसलेला असतो आणि कॅमेरा उभा असतो. त्यामुळे तो माणूस आपल्याला नेहमी वरून दिसतो, लहान दिसतो, कीव यावी असा दिसतो. कॅमेरा कोठे धरावा हे कोणी तरी ठरवलेले असते, किंवा घाईत ठरवायचे राहून गेलेले असते. त्या एका हाताच्या अंतराने माणसाची प्रतिष्ठा कमीजास्त होते.

ही कल्पना माझ्या पदरची नाही. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर नावाचे खेडे आहे. तेथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतील दलित शेतकरी स्त्रियांनी कॅमेरा हाती घेतला. त्यांतील बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी तंत्र तर शिकून घेतलेच, शिवाय त्याला आपली नावेही दिली. जमीनदार आणि मजूर यांच्यातले उच्चनीच दाखविणारा कोन म्हणजे 'पटेल शॉट'. आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन, सारख्या उंचीवरून घेतलेले दृश्य म्हणजे 'संघम शॉट', कारण संघात सगळ्या जणी बरोबरीने जमिनीवर बसतात. मोठमोठ्या संस्थांतील पदवीधरांना सुचले नाही ते या बायांना सुचले! याच स्त्रियांनी वारंगळच्या शेतकऱ्यांमागे हंगामभर हिंडून बीटी कापसावर चित्रपट केला आणि २००३ साली तो लोकांपुढे ठेवला. बियाणे विकत घेतल्यापासून हिशेब बसेपर्यंतची कथा त्यात आली, कारण पऱ्हाटीला बोंड केव्हा लागते आणि सावकार दारात केव्हा येतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

मराठीच्या पदवीधराने काय करावे?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. वाहिनीच्या कचेरीत मराठी जाणणाऱ्याला काम आहे. बातमी लिहिणे, पट्टी लिहिणे, परभाषेतील मालिकांचे संवाद ओठांच्या हालचालीला जुळतील असे मराठीत आणणे, माहितीपटाचे निवेदन लिहिणे, ते आवाजात उतरविणे, ही सारी भाषेची कामे आहेत. 'महाभारत' मालिकेतील 'समय' कोणी पाहिला नाही, पण हरीश भिमानींचा आवाज ओळखला नाही असा माणूस विरळा. २००० साली सुरू झालेल्या ई टीव्ही मराठीचे काम हैदराबादजवळच्या रामोजी नगरीतून चाले. मराठी बातम्या लिहावयास तरुण मंडळी तेथे जात. यवतमाळहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. तंत्र शिकावयाचे तर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणीचे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण शिकवितात. ती संस्था सरकारी आहे.

मात्र कोणाला खोटी आशा दाखवू नये. या धंद्यात पहिली वर्षे हलाखीची जातात. मालिकांत केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याची रूढी आहे, आणि मुंबईचा घरमालक नव्वद दिवस थांबत नाही. काम आज आहे, मालिका बंद पडली की उद्या नाही. तेव्हा हाती एक पक्की विद्या घेऊन जावे, नुसती हौस घेऊन जाऊ नये. आणि आपली बोली घरी ठेवून जाऊ नये. डवरणी, सरकी, पऱ्हाटी हे शब्द ज्याला ठाऊक आहेत, तो कापसाच्या बातमीवर सोयाबीनचे हिरवेगार शेत कधी दाखविणार नाही.

कोणी म्हणेल, आता सारे यंत्रच करणार, माणसाला विचारतो कोण? खरे आहे. २०२३ साली 'आज तक'ने 'सना' आणि ओडिशाच्या एका वाहिनीने 'लिसा' ही संगणकाने घडविलेली निवेदिका पडद्यावर आणली. ती दमत नाही, पगार मागत नाही, तिची जीभ अडखळत नाही. पण गंमत अशी, की यंत्राने आधी गिळला तो चेहराच! गारपिटीने पऱ्हाटी झोडपली की नाही हे पाहावयास आजही चिखल तुडवीत बांधावर माणूसच जावा लागतो. आणि उकिडव्या बसलेल्या शेतकऱ्यासमोर कॅमेरा उभ्यानेच धरावा, की आपणही खाली बसावे, हे ठरविणे आजही माणसाकडेच आहे.

तो माणूस झरी जामणीचा, महागावचा, उमरखेडचा का असू नये? यंदा दिवाळीला सारे घर एकत्र जमेल, आणि कदाचित एखादी पुतणी किंवा भाची भीत भीत म्हणेल, 'मला कॅमेरा शिकायचा आहे.' तेव्हा 'म्हणजे तू टीव्हीवर दिसणार का?' असे तिला विचारू नका. 'आम्हांला कसे दाखवशील?' असे विचारा.