आयर महामार्गावरील कॅरॅव्हॅन प्रवास

आयर महामार्ग हा ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यातील नॉर्समन आणि साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातील पोर्ट ऑगस्टा यांना जोडणारा, सुमारे १,६६० कि.मी. लांबीचा रस्ता आहे. मोटारीला जोडून ओढल्या जाणाऱ्या चाकांवरील घराने, म्हणजे कॅरॅव्हॅनने, हा रस्ता पार करणे हा ऑस्ट्रेलियातील एक परिचित दीर्घ प्रवास आहे. तो करणाऱ्यांत निवृत्त दांपत्यांची संख्या मोठी असून त्यांना तेथे ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे म्हणतात.

भूप्रदेश

‘नलारबोर’ हे नाव लॅटिन भाषेतील असून त्याचा अर्थ ‘एकही झाड नाही’ असा होतो. हे मैदान सुमारे दोन लाख चौ. कि.मी. क्षेत्रावर पसरलेल्या चुनखडीच्या थराचे बनले आहे. पावसाचे पाणी खडकातील भेगांतून खालच्या गुहांमध्ये उतरत असल्यामुळे पृष्ठभागावर नदी किंवा ओढा आढळत नाही. मात्र महामार्ग सर्वत्र ओसाड माळावरून जातो ही समजूत चुकीची आहे. तो मैदानाच्या दक्षिण कडेने जातो व खरोखर वृक्षहीन पट्टा त्यावर थोडाच लागतो. उरलेल्या बऱ्याच भागात खुरटी झुडपे व युकॅलिप्टसची विरळ राने आहेत. बॅलाडोनिया व केगुना यांच्यामधील १४६.६ कि.मी. रस्त्याला एकही वळण नाही.

इतिहास

मिर्निंग आदिवासींचा हा पूर्वापार प्रदेश आहे. एडवर्ड जॉन आयर याने १८४०-४१ मध्ये किनाऱ्यालगत तो ओलांडला. आदिवासींनी दाखवलेल्या, वाळूच्या टेकड्यांमागील पाण्याच्या जागांवर त्याची मोहीम तगली. २९ एप्रिल १८४१ रोजी त्याचा सहकारी जॉन बॅक्स्टर मारला गेला आणि आयर व वायली हा आदिवासी तरुण असे दोघेच पुढे निघाले. वाटेत किनाऱ्यावर नांगरलेल्या व्हेलशिकारी जहाजावर त्यांना आश्रय मिळाला. जुलैमध्ये ते ऑल्बनीला पोहोचले. रस्त्याला आयरचे नाव मिळाले, वायलीचे नाही.

१८७७ मध्ये याच मार्गाने तारायंत्राची जोडणी पूर्ण झाली. त्या काळातील युक्ला येथील तारकचेरीचे अवशेष आज वाळूत बुडालेले दिसतात. मोटाररस्ता दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२ मध्ये, लष्करी गरजेतून बांधण्यात आला. त्याचे डांबरीकरण पश्चिमेकडे १९६९ मध्ये, तर पूर्वेकडे १९७६ मध्ये पूर्ण झाले.

प्रवासाची व्यवस्था

वाटेत गावे जवळजवळ नाहीत. त्यांची जागा ‘रोडहाउस’ घेतात. इंधन, जेवण, खोल्या व कॅरॅव्हॅन उभी करण्याची जागा तेथे मिळते. लागोपाठच्या दोन रोडहाउसमधील अंतर काही ठिकाणी १८० कि.मी.पेक्षा जास्त आहे. कॅरॅव्हॅन ओढताना मोटारीला इंधन बरेच जास्त लागते आणि समोरून वारा असल्यास त्यात आणखी भर पडते. त्यामुळे एकट्या मोटारीच्या अनुभवावरून केलेला हिशोब येथे अपुरा ठरतो. गोड्या पाण्याची टंचाई असल्याने पिण्याचे पाणी सोबत बाळगावे लागते.

खरा धोका वजनाच्या मांडणीत असतो. कॅरॅव्हॅनच्या मागील भागात जड सामान भरल्यास ती वेगात असताना डोलू लागते. ‘रोड ट्रेन’ म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला मालट्रक शेजारून गेल्यावर हवेचा जो झोत बसतो, त्याने हे डोलणे वाढून गाडी उलटू शकते. म्हणून जोडावर एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ट्रकचालकांशी बोलण्यासाठी अनेक प्रवासी ४० क्रमांकाच्या वाहिनीवरील रेडिओ वापरतात.

संध्याकाळनंतर कांगारू, वॉम्बॅट व उंट रस्त्यावर येतात, त्यामुळे रात्रीचा प्रवास टाळला जातो. उंट हा मूळचा तेथील प्राणी नाही. १८६० मध्ये बर्क व विल्स यांच्या मोहिमेसाठी तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराची बंदरातून उंट पाठवण्यात आले होते. नंतरही भारतीय उपखंडातून अनेक उंट आले. मोटारी आल्यावर मोकळे सोडलेल्या उंटांचे वंशज आज रानटी अवस्थेत आहेत.

रुग्णालये दूर असल्याने महामार्गाचे काही सरळ भाग रुंद करून त्यांवर धावपट्टीच्या खुणा रंगवल्या आहेत. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचे विमान तेथे थेट रस्त्यावर उतरू शकते.

तपासणी व वेळ

फळमाशीसारख्या किडींचा प्रसार रोखण्यासाठी पश्चिमेकडे जाणाऱ्यांची सीमेवर, तर पूर्वेकडे जाणाऱ्यांची सेडुना येथे तपासणी होते. ताजी फळे व भाज्या तेथे टाकून द्याव्या लागत असल्याने कॅरॅव्हॅनमधील शिधा त्याआधी संपवण्याची रीत आहे. युक्लाच्या परिसरात राज्याच्या घड्याळापेक्षा ४५ मिनिटे पुढे असलेली, अधिकृत मान्यता नसलेली वेळ पाळली जाते.

इतर

जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाचे अवशेष या टापूत पडले. २००९ मध्ये सुरू झालेले ‘नलारबोर लिंक्स’ हे १८ खळग्यांचे गोल्फ मैदान सेडुना ते कालगुर्ली असे १,३६५ कि.मी. पसरलेले आहे, प्रवासी थांब्याथांब्यावर एकेक खळगा खेळत पुढे जातात.